पाहणाऱ्यांचे काय?

१५ ऑगस्ट २००५ पासून महाराष्ट्रातले डान्सबार बंद झाले. तरुण पिढी बिघडते, संसार उद्ध्वस्त होतात, असे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे म्हणणे होते आणि आमच्या मोहल्ल्यांत ते बहुतेकांना पटले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. घरातल्या बायकांना हायसे वाटले होते एवढे आठवते. ज्या घरातला पगार एका रात्रीत दहा-दहाच्या नोटांनी उडून जातो, त्या घरातल्या बाईला घटनेची कलमे समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो.

पण ही बंदी पडली कोणावर? नाचणारीचे काम गेले. अशा बायकांचा पाऊण लाखाचा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत येत असे. पाहणाऱ्याचे काय गेले? त्याची सोय तर खुद्द कायद्यातच होती. तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना बंदीतून वगळले होते. म्हणजे हमरस्त्यावरच्या बारमध्ये जो नाच अश्लील, तोच मोठ्या हॉटेलात करमणूक! मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी या भेदावर बोट ठेवून बंदी रद्द केली. सरकार अपिलात गेले, बार बंदच राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला १६ जुलै २०१३ उजाडले. निकाल बायकांच्या बाजूने लागला. काम गेल्यामुळे कित्येकींना शरीरविक्रयाकडे वळावे लागले, हेही न्यायालयाने त्यात नमूद केले. बायकांची अब्रू राखण्यासाठी केलेल्या कायद्याचे हे फळ.

आता पाहणाऱ्याकडे वळू. तो कोणी एका जातीचा, एका मजहबचा किंवा एका ऐपतीचा नव्हता. जमीन विकून आलेला शेतकऱ्याचा पोर, बिल्डर, दलाल, गणवेश उतरवून आलेला शिपाई, महिन्यातून एकदा येणारा कारकून, सगळे एकाच सोफ्यावर. मोठी नोट मोडून दहाच्या नोटांचे बंडल घ्यायचे आणि उडवायचे. जमिनीवर पडलेल्या नोटा बारचे पोरगे गोळा करी, आणि रात्र संपल्यावर बाई व मालक यांची वाटणी होई. बनावट मुद्रांकवाला अब्दुल करीम तेलगी याने एका नाचणारीवर एका रात्रीत नव्वद लाखांहून जास्त उधळले, असे त्या काळी वारंवार छापून आले. लोकांनी मिटक्या मारत वाचले. चर्चा त्या बाईचीच झाली. तेलगीचे पैसे कोणाच्या खिशातून आले होते, हा प्रश्न चहाच्या टपरीवर फारसा कोणी विचारला नाही.

कुरआनातल्या सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. स्त्रियांना तो त्यानंतर, एकतिसाव्यात. आमच्याकडची बयाने मात्र बहुधा एकतिसाव्या आयतीपासूनच सुरू होतात.

हजरत उमर यांची एक कथा उलेमा सांगत आले आहेत. रात्रीच्या गस्तीत एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून खलिफा भिंत चढून आत गेले. आत शराब होती, बाई होती. घरमालक म्हणाला, माझा गुनाह एक, तुमचे तीन. तुम्ही पाळत ठेवलीत, दरवाजा सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता शिरलात. खलिफांनी ते मानले आणि ते परत गेले. राज्याने माणसाच्या नीतीत किती दूर शिरावे, हा वाद इतका जुना आहे. आमच्या सरकारने २०१६ च्या कायद्यात डान्सबारमध्ये कॅमेरे बसवण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी ती रद्द केली. नोटा उधळण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली, आणि ते योग्यच झाले. बक्षीस हातात देणे वेगळे आणि अंगावर फेकणे वेगळे.

आज चर्चा पबची असते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पबमधून आलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. काही तासांत जामीन झाला. अटींमध्ये एक होती, अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. आरडाओरड झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले, पण पहिला विचार निबंधाचाच सुचला. आम्ही शिक्षक. गृहपाठ न करणाऱ्या मुलाला यापेक्षा जास्त लिहायला लावतो. नाचणारीची रोजी आठ वर्षे बंद, आणि चैन करणाऱ्याला निबंध, हे दोन्ही याच महाराष्ट्रात घडले.

आमच्या एक ज्येष्ठ मुअल्लिमा सांगतात की २००५ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांच्या वर्गातल्या दोन मुली परत आल्या नाहीत. जनरल रजिस्टरात कारण लिहिले गेले, ‘स्थलांतर’. आया काय करत होत्या हे शाळेत सर्वांना ठाऊक होते, पण तो शब्द लिहिण्याची कोणाची छाती नव्हती.

आणि आमच्या जमातीचे काय? बारमध्ये नाचलेल्या बाईचा चंदा नको म्हणणारे आहेत. फिकहचा मसला काय तो आलिमांनी सांगावा, त्यात आम्ही पडत नाही. पण तिच्यावर नोटा उधळणारा जेव्हा मदरशाच्या पावतीपुस्तकात पाच हजार लिहून जातो, तेव्हा पैसा कुठला, असे त्याला कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. उलट जलशात त्याला पुढची खुर्ची मिळते.

बैतुलमालकडे मुलींच्या फीचे अर्ज येतात. या अर्जावर आईचा व्यवसाय विचारणारा रकाना असू नये, असे आम्ही काही शिक्षकांनी मागच्या बैठकीत मांडले. दोघा-तिघा बुजुर्गांनी मान डोलावली, बाकीचे गप्प राहिले. रकाना अजून आहे. या वर्षीचे अर्ज रमजानच्या आधी छापायला जातील.