तीन बोटं

नागपूरच्या इतवारीतल्या एका गल्लीत एक निवृत्त मास्तर राहत. खर्रा हा त्यांचा जन्माचा वैरी. गल्लीच्या तोंडाशीच पानठेला, तिथं दिवसभर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून खर्रा केला जाई. 2012 साली राज्यात गुटखाबंदी आली, पण हे घोटणं काही थांबलं नाही. मास्तरांचं बोलणं सोळा आणे खरं असे, आणि म्हणूनच बहुधा ते ऐकवत नसे. ते दुरून दिसले की पोरं गल्ली बदलत.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सोबत बडगे. वर्षभराचा राग बांबू-कागदाचा पुतळा करून मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. एका वर्षी मास्तरांच्या आग्रहानं गल्लीनं खर्र्याचा बडग्या केला. वर कवटी, गळ्यात दहा ओळींचा फ्लेक्स, त्यात आईबापांची अब्रू कशी राखावी इथपर्यंत सगळं. मास्तर माईकवरून ते वाचत चालले. बडग्या ओढणाऱ्या दोघांच्या गालात तेव्हाही खर्राच होता. पुढं तो फ्लेक्स पानठेल्यावर ताडपत्री म्हणून गेला.

दुसऱ्या वर्षी बांबू बांधणारा म्हातारा म्हणाला, "सर, यंदा तुमी लिहू नका जी. मले करू द्या."

त्यानं तर्री-पोह्यांच्या प्लेटीसमोर बसलेला माणूस केला. मागून दोरी ओढली की चमचा ओठांपर्यंत यायचा, दातांवर टक्‌ वाजायचा आणि तसाच परत जायचा. तोंड उघडतच नव्हतं. दुसऱ्या हाताची तीन बोटं ओठांशी अडलेली. खाली पाटीवर एवढंच: 'तुमची किती जातात?'

मिरवणुकीत नेहरू पुतळ्यापाशी लोक खो खो हसले. "घेऊन जा गे मारबत!" हसता हसता एका पोरानं आपली तीन बोटं उभी करून तोंडात घातली. मग शेजारच्यानं. चांगल्या तोंडात तीन मावतात. खर्र्यानं गाल आतून ताठरले की मावत नाहीत. काहींचं हसू तिथंच थांबलं. मास्तरांचा हात माईककडे गेला. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली.

रात्री पानठेलेवाला मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"सर, दोनच जाऊन राहिले. कोठी दाखवू?"

वीस वर्षांची भाषणं मास्तरांच्या जिभेवर आली. त्यांनी ती गिळली.

"सकाळी नऊला तयार राहा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दंत महाविद्यालयाच्या बाकावर दोघं दोन तास बसले होते. मास्तरांनी फक्त एकदा विचारलं, "चहा घेतो का?"