पाणपोईचा रांजण कोण भरतं?

मागच्या वर्षी मी एका अनोळखी माणसाला तीन ओळींची कमेंट लिहिली. ‘तीन आठवडे झाले. हा प्रोजेक्ट अजून चालू आहे का? तुम्हाला वेळ नसेल तर दुसऱ्या कुणाकडे सोपवा.’ शिवी नव्हती, आवाज चढवलेला नव्हता. तरी ती कमेंट मला अजून टोचते.

झालं होतं असं. घरखर्चाचा हिशोब ठेवणारं एक ओपन सोर्स वेब ॲप मी दोन वर्षं वापरत होतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. त्यात उसनवारीची नोंद नीट होत नव्हती. रूममेटला दिलेले पैसे खर्चात धरले जायचे. म्हटलं, इंजिनिअर आहोत, आपणच करू.

शनिवारी कोड लॅपटॉपवर उतरवला. सेटअपच्या पानावर चार कमांड होत्या. दुसरीलाच अडकलो, कारण 5432 या पोर्टवर ऑफिसच्या कामाचा पोस्टग्रेस आधीच ठाण मांडून बसला होता. तो बंद केला, तर पुढचं पॅकेज रुसलं. पानावर नोडचं 16 व्हर्जन लिहिलं होतं, कोडला मात्र 18 हवं होतं. रविवारी संध्याकाळी एकदाचं ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून चहा टाकला. पानावरच्या चुकीला दोन दिवस शिव्या दिल्या होत्या. बाकीच्या सगळ्या सूचना बरोबर होत्या आणि त्या कुणीतरी माझ्यासारख्या अनोळखी माणसासाठी बसून लिहिल्या होत्या, हे मनातही आलं नाही.

पुढचा महिना रात्री जागून उसनवारीचं फीचर लिहिलं. तेवीस फायली, चौदाशे ओळी. पुल रिक्वेस्ट पाठवली आणि वाट पाहू लागलो. तीन आठवड्यांनी ती कमेंट टाकली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. हे ॲप तो एकटाच सांभाळत होता, नोकरी करून, मुलं झोपल्यावर. त्याने लिहिलं होतं की चौदाशे ओळी वाचायला त्याला पाच-सहा रात्री लागतील आणि त्यात पुढे जे बिघडेल ते त्यालाच निस्तरावं लागेल. मी तेव्हा तिथे असेन का, एवढंच त्याने विचारलं होतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी समजत होतो की मी देतोय. प्रत्यक्षात त्याच्या दारात हत्ती बांधून निघालो होतो आणि वर चारा का घातला नाही म्हणून विचारत होतो.

मदतीचं ओझं होणं ही काही माझी एकट्याची गोष्ट नाही. 2020 च्या हॅकटोबरफेस्टमध्ये चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. त्यासाठी लोकांनी इतके निरर्थक बदल पाठवले, की आयोजकांना महिना संपण्याआधी नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टना सामील व्हायचंय तेवढेच.

त्याहून भयानक गोष्ट ‘एक्सझेड’ची. डेटा लहान करून साठवणारं हे छोटं सॉफ्टवेअर बहुतेक लिनक्स सर्व्हरवर असतं. लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं पगाराशिवाय सांभाळत होते. 2022 मध्ये काही जणांनी त्यांच्यामागे टुमणं लावलं: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाकडे द्या. त्यांनी सांगितलं की हे बिनपगारी काम आहे आणि तब्येतही बरी नाही. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी मन लावून मदत करत होतं. हळूहळू नवं व्हर्जन प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला आणि फेब्रुवारी 2024 च्या व्हर्जनमध्ये चोरवाट निघाली. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, म्हणून मार्चमध्ये ती सापडली. टुमणं लावणारी खाती बनावट होती, असा दाट संशय आहे.

त्या कटातलं एक हत्यार म्हणजे अधीर वापरकर्त्याचा आवाज. तो खोटा असूनही कुणाला खटकला नाही, कारण खरे वापरकर्ते तसेच बोलतात. मी तसाच बोललो होतो.

मग आपण काय देणं लागतो? लायसन्स म्हणतं, काहीच नाही. सॉफ्टवेअर जसं आहे तसं घ्या, हमी नाही. हा करार दोन्ही बाजूंनी आहे: माझ्यावर देणं नाही, तसा माझा हक्कही नाही. पाणपोईवर पाणी पिणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. पण रांजण रिकामा दिसला म्हणून तिथे उभं राहून ओरडायचं नसतं, एवढं आपल्याला कुणी न शिकवता कळतं. स्क्रीनवर तो भरणारा माणूस दिसत नाही, म्हणून कळेनासं होतं.

मला वाटतं, पहिलं देणं कोडचं नाही, समोरच्याच्या वेळेचं आहे. मी माझी पुल रिक्वेस्ट बंद केली. नंतर एका ओळीचा बदल पाठवला: सेटअपच्या पानावर 16 च्या जागी 18. तो त्याच रात्री स्वीकारला गेला. आता रविवारी तासभर लोकांनी कळवलेल्या अडचणी माझ्या लॅपटॉपवर पुन्हा घडवून पाहतो आणि खऱ्या कोणत्या ते लिहून ठेवतो. कंटाळवाणं काम आहे. पण त्याच्या तेवढ्या रात्री वाचतात.

याने प्रश्न सुटला असं मात्र म्हणवत नाही. माझ्या संयमावर त्याचं घरभाडं निघत नाही. माझा पगार ज्या सॉफ्टवेअरवर उभा आहे, त्यातलं कितीतरी अशाच कुणीतरी रात्री जागून लिहिलंय, आणि पाणपोईवर टँकर भरून नेणाऱ्यांना माझ्या रविवारच्या तासाने काही फरक पडत नाही. त्यांच्याकडून पैसे मागायला हवेत, आणि ते आत बसलेल्या माझ्यासारख्यांनी मागायला हवेत. मी अजून मागितलेले नाहीत.

ती कमेंट पुसता येते. पुसलेली नाही.