हिशेब मागणे हा अविश्वास का?

जत्रा आटोपली म्हणजे आमच्या देवळाची फंडपेटी महाजनांच्या देखत उघडली जाते. माझे तीर्थरूप तेथील पुजारी. लहानपणी मी त्यांना विचारले होते, "बाबा, तुम्ही पैसे घ्याल अशी यांना शंका येते काय?" ते म्हणाले, "अरे, चार माणसांसमोर पेटी उघडते म्हणून तर मला रात्री स्वस्थ झोप लागते." या उत्तराचा अर्थ मला अलीकडे उमगला, आणि तोही स्वतःच्या एका चुकीनंतर.

थोरले बंधू बोटीवर असल्यामुळे पुतण्याचा पालक या नात्याने मी एका शाळेच्या सभेस गेलो. नोंदवही पुढे आली. खर्चाचे रकाने अद्याप कोरे होते. 'आपलेच गुरुजी, त्यांना विचारायचे कसे?' या भिडेपोटी मी सही केली. त्या रकमेचा विनियोग कदाचित पैन् पै योग्यच झाला असेल. परंतु माझी सही खोटी होती, एवढे मात्र निश्चित.

अशी सही म्हणजे निव्वळ उपचार नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेस मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे कर्तव्य कायद्यानेच या समितीकडे सोपविले आहे. म्हणजे चौकशी करणारा पालक आगाऊपणा करीत नसतो. न करणारा मात्र कर्तव्य चुकवीत असतो.

ही भीड आपल्यात आली कोठून? पोर्तुगीज अमदानीत पेडणे-डिचोलीकडील कित्येक मराठी शाळा गावकऱ्यांच्या आधारावर चालत. काही तर देवळांच्या मंडपांत भरत. तेथे खर्च होणारा पैसा आपल्या कनवटीचा आहे, हे प्रत्येकास ठाऊक असे. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पेडण्याचे सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी शाळा निघाल्या. हे उपकार विसरण्याजोगे नाहीत. पण त्याबरोबरच पैसा 'सरकारचा' झाला आणि आपले लक्ष उडाले. वस्तुतः सरकारी पैसा हे आपल्याच वर्गणीचे दुसरे नाव होय.

लक्ष उडाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेतील युगांडा देशात घडले. १९९१ ते १९९५ या काळात तेथे विद्यार्थ्यांमागे पाठविलेल्या अनुदानापैकी सरासरीने शंभरातील अवघे १३ शाळांपर्यंत पोहोचत, असे पाहणीत आढळले. पुढे सरकार या रकमा वर्तमानपत्रांतून छापू लागले व शाळांच्या दारांवर लावू लागले. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० च्या वर गेले. इतर सुधारणांचाही त्यात वाटा असेल. पण आकडा पालकांच्या नजरेस पडला, ही गोष्ट लहान नव्हे. माहितीच्या अधिकाराचा कायदा देशाने २००५ मध्ये केला. आपल्या गोव्याने तर तो १९९७ मध्येच केला होता. साधन हाती आहे, उणीव आहे ती धैर्याची.

कोणी म्हणतील, अशाने गावात संशय माजेल आणि प्रामाणिक शिक्षकास उगाच मनस्ताप होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच हिशेब माणूस पाहून मागू नये. नियम म्हणून, दरवर्षी, सर्वांकडून, शंका येण्यापूर्वीच मागावा. १९३३ च्या नियमावलीनुसार देवस्थानांना आपले हिशेब ठेवावे लागतात व मामलेदार त्यांवर देखरेख करतात. त्यामुळे कोणा पुजाऱ्याचा अपमान झाला, असे कोणी म्हणत नाही. देवाच्या पेटीस जो न्याय, तोच मुलांच्या पेटीस का नसावा?

पुढील सभेत जमाखर्च वाचून दाखवावा व शाळेच्या फळ्यावर लिहावा, अशी विनंती मी करणार आहे. मात्र त्याआधी, कोऱ्या रकान्यांखाली मी सही केली होती, हे सर्वांसमक्ष सांगणार आहे. दुसऱ्याकडे हिशेब मागावयाचा तर आरंभ स्वतःपासूनच केला पाहिजे.