टाकलेल्या भूमीतील बाग

प्रत्येक शहराच्या कडेला एखादी तरी पडीक जागा असते. तेथे बाभळी माजतात, कचऱ्याचे ढीग साचतात, आणि येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावून पुढे निघून जातात. माणसांच्या बाबतीतही आपला समाज पुष्कळदा असाच वागतो. दीर्घ आजाराने खचलेला, मन हरवलेला, हातपाय गमावलेला मनुष्य आपल्या नजरेच्या कडेला सारला जातो. अशा टाकलेल्या जमिनीवर टाकलेल्या माणसांसाठी एक बाग फुलवावी, तेथे त्यांना आरोग्य लाभावे, हा विचार कोणालाही भावेल. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ही बाग आपण दुःखितांसाठी लावायची, की त्यांनी ती लावावी म्हणून आपण बाजूला व्हायचे?

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा गावाजवळ या प्रश्नाला हातांनी उत्तर दिले गेले. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. सरकारकडून मिळालेली ५० एकर जमीन खडकाळ आणि झुडपांनी भरलेली होती. १९५१ साली बाबा, साधनाताई आणि त्यांची दोन लहान मुले तेथे राहावयास गेली. त्यांच्यासोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि गाठीला १४ रुपये होते. पाण्यासाठी प्रथम विहीर खणावी लागली, आणि ती रुग्णांनीच खणली. ज्या हातांना समाजाने भिक्षापात्र धरण्यापलीकडे काही काम ठेवले नव्हते, त्याच हातांनी खडक फोडला. पुढे त्या माळावर भाजीपाला आला, धान्य आले, झाडे वाढली. तेच आनंदवन.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुष्ठरोग बागेने बरा होत नाही. तो औषधाने बरा होतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि त्या उपचाराने लाखो रुग्ण रोगमुक्त झाले. उलट, बधिर झालेल्या हातांना कुदळीचा दांडाही घातक ठरू शकतो. फोड आल्याचे कळतच नाही. तेव्हा श्रमाचे नुसते गोडवे गाऊन भागत नाही, त्या हातांची निगाही राखावी लागते. मग बागेने काय केले? जंतू मेल्यावरही जो व्रण उरतो, आपली कोणाला गरज नाही हा जो व्रण, त्यावर तिने फुंकर घातली. रोपाला पाणी घालणारा हात कोणाचा आहे, हे रोप विचारत नाही. ते वाट मात्र पाहते. कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव माणसाला पुन्हा उभे करते.

तरीही बागेचे काम कुंपणाच्या आत संपत नाही. आनंदवनाचा मळा पिकला, पण ती भाजी विकत घ्यावयास वरोऱ्यातील लोक सुरुवातीला धजावत नव्हते. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तेथे आले. ते रुग्णांबरोबर राबले, त्यांच्याबरोबर जेवले, आणि मग गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरू लागली. माती सुपीक झाली होती. मने पडीक राहिली होती. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद आपल्या देशातील वैयक्तिक कायद्यांतून २०१९ साली वगळण्यात आली, यावरून ती मने किती काळ पडीक राहिली हे ध्यानात यावे.

आता अधिक अवघड प्रश्न. श्रमाने प्रतिष्ठा मिळते असे म्हटले, तर ज्याला कुदळ उचलताच येत नाही त्याचे काय? अंथरुणाला खिळलेली आजी, स्वतःचे नावही विसरलेले आजोबा, यांची किंमत कमी मानायची काय? आपली श्रद्धा येथे स्पष्ट उत्तर देते. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या आपल्या परिपत्रकात शिकवले, की श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नाही. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, तेव्हा त्याच्याकडून आधी कोणतेही काम मागितले नव्हते. प्रतिष्ठा ही मजुरी नव्हे, ते देवाचे दान आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. दिवस मावळत आला तरी काही माणसे रिकामी उभी असतात, कारण त्यांना कोणी बोलावलेलेच नसते. मालक त्यांना बोलावतो, आणि शेवटी पूर्ण मजुरी देतो. मजुरी समान आहे, म्हणून माणसाची किंमत कामावर ठरत नाही. पण बोलावणेही आहे, म्हणून कोणालाही रिकामे उभे ठेवणे हा अन्याय आहे. नुसते दान मजुरी देते आणि बोलावणे विसरते. नुसती शिस्त बोलावते आणि ज्याची शक्ती संपली त्याची मजुरी कापते. खरी बाग दोन्ही सांभाळते: ज्याला खणता येते त्याने खणावे, ज्याला येत नाही त्याने सावलीत बसावे, आणि फळावर दोघांचा हक्क सारखाच असावा.

आपल्या कित्येक धर्मग्रामांत ख्रिस्तमंदिरामागे किंवा शाळेच्या भिंतीलगत एखादा ओसाड तुकडा असतो. तेथे बाग करावयाचे ठरले, तर आपण बहुधा माळी नेमू, देणगीदारांच्या नावाचा फलक लावू आणि वृद्धांना व आजाऱ्यांना उद्घाटनाला पाहुणे म्हणून बोलावू. त्याऐवजी पहिले रोप कोठे लावावे, हे आपण त्यांनाच विचारले तर? व्यसनातून सावरणाऱ्या तरुणाच्या हाती वाफ्याची जबाबदारी दिली तर? पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालेनाला प्रभू माळीच वाटला होता. ज्यांना आपण केवळ सेवेचे धनी समजतो, त्यांच्या हाती खुरपे देऊन पाहिले, तर कदाचित आपल्यालाही तो तेथे ओळखू येईल.