अभय कुणाला?

'अभयारण्य' हा शब्द मी नोकरीत असंख्य वेळा वाचला. महसूल खात्याच्या कागदांत तो येई, मी शेरा मारून फाईल पुढे सरकवी. त्या शब्दाची फोड करून पाहावी असे वाटले ते निवृत्तीनंतर, मालवणच्या समुद्रात.

बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून मालवण गाठणे आपल्या कुटुंबांना नवे नाही. पूर्वी सिंधुदुर्ग पाहावा, सोलकढी प्यावी आणि परतावे, एवढाच बेत असे. आता नातवंडांना किल्ल्याभोवतीच्या पाण्याखालचे जग पाहायचे असते. तोंडावर काचेचा मुखवटा, दातांत श्वासनळी आणि पाण्यावर पालथे तरंगणे, याला स्नॉर्केलिंग म्हणतात. नातीच्या हट्टापायी मीही उतरलो. क्षणभरात तोल गेला. सोबतच्या मुलाने तत्परतेने हात धरून मला एका खडकावर उभे केले, पावाचा चुरा पाण्यात टाकला आणि पाहता पाहता पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा आमच्याभोवती जमला. नात हरखली. खरे सांगायचे तर मीही हरखलो.

पायाखाली पाहिले तेव्हा कळले, तो खडक नव्हता, प्रवाळ होते. (आजीच्या माळेतील तांबडे पोवळे ते हे नव्हे, त्याची जात वेगळी.) प्रवाळ म्हणजे सूक्ष्म जीवांची वसाहत. त्यांच्या देहात राहणारी शेवाळे त्यांना अन्न पुरवतात. पाणी फार तापले की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरे पडते. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे माझ्या टाचेखाली कदाचित माझ्या नोकरीहून अधिक वर्षे होती. २००१ सालापासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्याच पंक्तीत आहे. वाघाच्या पाठीवर कोणी विश्रांतीसाठी उभे राहत नाही.

नकळत घडले, हे खरे. पण माझे ते न कळणे फार सोयीचे होते. पैसे मोजले होते, मासे दिसायलाच हवे होते. ते कसे दिसतात हे विचारायची मला गरज वाटली नाही. पावाला सोकावलेले मासे प्रवाळावरचे शेवाळ खाणे सोडतात आणि मग शेवाळ प्रवाळावर पसरते. आपण 'नुसते पाहतो' असे म्हणतो, ते कितपत खरे?

त्या संध्याकाळी ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या वृद्ध मच्छीमारांना मी हे सांगितले. ते हसले. म्हणाले, साहेब, तिथे आम्ही जाळे टाकले तर गुन्हा होतो आणि तुम्ही पाय ठेवलात तर पाहुणचार. मला उत्तर सुचले नाही. १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे सागरी अभयारण्य घोषित झाले. मच्छीमारांनी त्याला विरोध केला. समुद्रात अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचे रक्षण व्हावे, ही अट कायद्यात आली १९९१च्या दुरुस्तीने, म्हणजे चार वर्षांनी. खुर्चीत असतो तर मी याला 'प्रक्रियेतील क्रम' म्हटले असते.

त्यांचे सारेच म्हणणे मला मान्य नाही. संरक्षण नसते तर आज तेथे पाहण्याजोगे काय उरले असते? आणि तो पाव टाकणारा मुलगाही कोळ्याचाच. जाळ्याने पोट भरत नाही म्हणून पर्यटकांच्या होडीवर आलेला. त्याला मी कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासूनच सुरू होते. तेथे ते स्वतःच्या निर्भयतेविषयी आहे. आपल्या परंपरेने मात्र अभय दान म्हणूनही मानले. दान म्हटले की देणाऱ्याच्या पदरचे काही जायला हवे. मालवणात मच्छीमारांच्या पदरचे जावे, असे कायद्याने ठरले. माझ्या पदरचे तिकिटाचे पैसे तेवढे गेले, आणि ते मजेसाठी होते.

नात पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ म्हणते. मी होकार दिला आहे. मात्र पाव टाकू द्यायचा नाही, आणि खाली पाय टेकायचा नाही. तोवर आजोबांनी तरंगायला शिकायचे, अशी तिने अट घातली आहे. मासे आले नाहीत तर, असे तिने विचारले. मी म्हटले, तर येणार नाहीत. तिला ते पटलेले दिसले नाही. सध्या मी रोज सकाळी नगरपालिकेच्या तलावात तरंगण्याचा सराव करतो आहे.