विसावा : स्वतःचा आणि दुसऱ्याचा

मानवी जीवनात कर्माला जसे स्थान आहे, तसेच विश्रांतीलाही आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योगसाधनेचा विचार करताना आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या सर्वांत प्रमाण राखण्यास महत्त्व दिले आहे. तथापि आजच्या धकाधकीच्या जीवनात कामाचा पसारा वाढत गेला आणि विसाव्याची जागा आक्रसत गेली. नेरूळहून रोज सकाळी असंख्य नोकरदार हार्बर मार्गाच्या गाडीने मुंबईकडे निघतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाण्यास सुमारे एक तास आणि परतण्यास तेवढाच वेळ लागतो. मिनिटांच्या हिशेबावर ज्याचा दिवस उभा आहे, त्याला ‘थोडे थांबावे’ असे सांगणे काहीसे निष्ठुरपणाचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून या लहानशा विसाव्याला खरोखर नैतिक मूल्य आहे, की ती केवळ सवड असणाऱ्यांची चैन आहे, याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

विसाव्याविरुद्धचा आक्षेप दुबळा नाही. एकेक क्षण वेचून विद्या आणि एकेक कण वेचून धन मिळवावे, असे सुभाषितकार सांगतात. आळस हा मनुष्याचा शत्रू मानला गेला आहे. मग रिकामा गेलेला क्षण हा वाया गेलेला क्षण नव्हे काय? याचे उत्तर आळस आणि विसावा यांतील भेदात आहे. आळस कर्म टाळण्यासाठी असतो, तर विसावा कर्माकडे परतण्यासाठी. थांबून उठल्यावर हातातले काम अधिक सावधपणे आणि समोरच्या माणसाशी अधिक सौम्यपणे होत असेल, तर तो विसावा होय. उठावेसेच वाटत नसेल, तर तो आळस समजावा. ही कसोटी ज्याने त्याने स्वतःच लावून पाहावयाची आहे.

आपल्या परंपरेने हा विसावा मनाच्या लहरीवर सोडलेला नाही. प्रातःकाळ, मध्यान्ह आणि सायंकाळ या तीन संधिकाळी संध्योपासना सांगितली आहे. काम संपल्यावर थांबू, असे म्हणणाऱ्याचे काम सहसा संपत नाही, म्हणून थांबण्याची वेळ आधीच नेमून दिलेली असते. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरीकडे जाते, तेव्हा रात्रीच्या मुक्कामांखेरीज वाटेतील विसाव्याच्या जागाही ठरलेल्या असतात. पंढरीची ओढ कितीही तीव्र असली, तरी विसावा चुकवून कोणी पुढे धावत नाही.

नेरूळच्या भूमीतही या विचाराचा एक प्रत्यक्ष दाखला आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर नवी मुंबई वसवली. येथे मोठी अडचण पावसाळ्यातील भरतीची होती. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढते आणि शहरातील पावसाचे पाणी बाहेर पडू शकत नाही. यावर उपाय म्हणून धारण तलाव राखण्यात आले. भरती आली की तलावाच्या मुखाशी असलेली झडपदारे पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबून राहते आणि ओहोटी लागताच दारे उघडून ते खाडीत वाहून जाते. नेरूळमधील ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या नावाने ओळखला जाणारा, नागरिक ज्याच्या काठाने सकाळ-संध्याकाळ फिरतात तो जलाशय असाच एक धारण तलाव आहे. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला एवढी जागा मोकळी का ठेवली, असा प्रश्न पडेल. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, म्हणजे त्या मोकळ्या जागेचे मोल कळते.

मनुष्याच्या दिवसालाही अशी मोकळी जागा लागते. कार्यालयात झालेला अपमान, गर्दीतील धक्काबुक्की, उद्याची चिंता हे सर्व मनात साचत असते. ते निचरण्यास थोडाही अवकाश मिळाला नाही, तर ते घरातल्या माणसांवर ओसंडते. दाराबाहेर क्षणभर थांबून, दोन दीर्घ श्वास घेऊन आत जाणारा पिता आणि रागाच्या भरात तसाच आत शिरणारा पिता यांच्या घरातील मुलांची संध्याकाळ सारखी नसते. म्हणूनच विसावा हा केवळ प्रकृतिस्वास्थ्याचा विषय राहत नाही, तो नीतीचाही विषय होतो.

धारण तलाव गाळाने भरत गेला की त्याची क्षमता घटते. विसाव्याचेही तसेच आहे. पूर्वी गाडीची वाट पाहणे, रांगेत उभे राहणे यांतून आपोआप काही रिकामे क्षण मिळत असत. आता हात लगेच मोबाइलकडे जातो आणि तोही क्षण भरून टाकला जातो. मोबाइल वाईट नाही, परंतु दिवसातील दोन-चार क्षण तरी त्याच्यापासून राखून ठेवावेत. जेवणाचा पहिला घास घेण्यापूर्वी, देवापुढे सांजवात लावताना किंवा गाडी खाडीपुलावरून जात असताना असे क्षण सहज साधता येतात.

तथापि या प्रश्नाची खरी कठीण बाजू पुढेच आहे. स्वतःसाठी विसावा मागणाऱ्याने, आपल्यामुळे दुसऱ्याचा विसावा हिरावला जात नाही ना, हे पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना एके काळी आठवड्याची सुटीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना संघटित करून रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांची मागणी मांडली. रविवारची सुटी १८९० साली मान्य झाली. आज आपण जी सुटी गृहीत धरतो, तिच्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. तरीही घरकाम करणारी बाई, इमारतीचा पहारेकरी, दारोदारी वस्तू पोहोचवणारा तरुण आणि घरातील गृहिणी यांना निवांत पाच मिनिटे मिळतात काय, हा प्रश्न आजही विचारावा लागतो.

पंढरपूरची एक प्रथा येथे मार्गदर्शक ठरावी. आषाढी यात्रेच्या काळात श्रीविठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात आणि देव अहोरात्र भक्तांना दर्शन देतो. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून त्याला ऊन पाण्याने स्नान घालतात, काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि त्यानंतर त्याचे नित्योपचार पूर्ववत सुरू होतात. सेवेसाठी प्रसंगी विश्रांती सोडावी लागते, हे यातून दिसते. त्याचबरोबर, सेवा करणाऱ्याला शीण होतो हे मान्य करून त्याला विसावा देणे हे सेवा घेणाऱ्यांचे कर्तव्य आहे, हेही दिसते. घरातील सणवार आटोपल्यावर राबलेल्या मातेला असा विसावा कितीजण देतात, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

संत जनाबाईंच्या कथेत तर याहूनही पुढचे पाऊल आहे. दळण-कांडणात रात्रंदिवस राबणाऱ्या जनीला विठ्ठलाने विश्रांतीचे महत्त्व सांगितले नाही. तो तिच्याबरोबर दळू लागला. ज्याला सवड नाही त्याला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या कामाचा थोडा भार उचलणे श्रेष्ठ होय. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा, घाट आणि विहिरी बांधल्या, त्यामागेही वाटसरूच्या शिणाची हीच जाणीव होती. पाणपोई घालणे, झाडाभोवती पार बांधणे ही सर्व विसाव्याचीच दाने आहेत. ज्याच्याजवळ धन नाही, त्यालाही हे दान करता येते. गाडीत थकलेल्या सहप्रवाशाला काही वेळ आपली जागा देणे, हेही त्याच दानाचे रूप आहे.

दर्शन घेतल्यावर लगेच न निघता मंदिरात क्षणभर टेकावे, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या क्षणी काही मागावयाचे नसते आणि काही साधावयाचेही नसते. भाविकांनी हा क्षण अवश्य घ्यावा, आणि उठताना, आज आपण कोणाला विसावा देऊ शकतो, एवढे मनाशी ठरवून घरी परतावे.