शत्रूच्या फौजेतली आपली बाई

यवतमाळहून आर्णीमार्गे माहूरला जाताना पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. आमच्याकडचे बहुतेक लोक रेणुकामाता आणि दत्तशिखर करून परततात. आम्ही मित्र हिवाळ्यातला एक रविवार फक्त किल्ल्यासाठी गेलो. तटावर फोटो काढता काढता एकाने विचारलं, "हा किल्ला आपला की त्यांचा?"

उत्तर रायबाघनपाशी अडतं. माहूरची ही सावित्रीबाई मुघलांची सरदार. 'रायबाघन' हा किताब औरंगजेबाने दिलेला. १६६१ मध्ये उंबरखिंडीत ती कारतलबखानासोबत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या विरोधात होती. जंगलात फौज कोंडली गेली, तेव्हा शरण जाण्याचा सल्ला तिनेच खानाला दिला. महाराजांनी खंडणी घेऊन त्यांना जाऊ दिलं.

मग तिला मानायचं की नाही?

मला वाटतं, मानावं. पण तिची बाजू माफ न करता. तिच्या शहाणपणामुळे मुघलांची स्वारी न्याय्य ठरत नाही. आणि स्वारी अन्यायाची होती म्हणून तिच्या सल्ल्याने वाचलेले जीव कमी मोलाचे होत नाहीत. आपल्याच सेनापतीला "आपण हरलोय" असं तोंडावर सांगायला हिंमत लागते. आपल्या ग्रुपवर साधं "हे चुकतंय" लिहिताना आपण किती वेळा टाइप करून पुसतो, आठवून बघा.

शिवाय आपण योग्य बाजूला आहोत, यात आपली निवड किती आणि जन्माचा योगायोग किती? तेव्हा माहूरच्या त्या घरात जन्मलो असतो तर मी कुणाकडून लढलो असतो, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.